गौरीच्या डोळ्यांचे जवान

आमच्या घरात कुठलीही वस्तू आधी उलटी व्हायची. बाजारातून आणलेलं वांगं अप्पा उलटं धरून देठाकडून बघायचे, आईनं माझ्यासाठी शिवलेलं परकर-पोलकं आतली शिवण बाहेर काढून बघायचे, आणि ताटात पडलेली भाकरीसुद्धा एकदा पालथी करून मगच मोडायचे. माझं प्रगतिपुस्तकही त्यांनी एकदा मागच्या कोऱ्या पानापासून बघायला घेतलं आणि बाईंनी पेन्सिलीनं लिहून मग खोडलेलं 'वर्गात फार बोलते' हे नेमकं त्यांच्या नजरेत भरलं. आई म्हणायची, "मला बघायला आले तेव्हा ह्यांनी पाठीकडूनच बघितलं असंल मला." अप्पा त्यावर मान खाली घालून हसायचे आणि शेंगाचटणीत दही कालवत राहायचे. त्यांच्या बाजूनं कुणी बोलायचं नाही, कारण घरात आम्ही तिघंच आणि त्यात मी आईच्या पार्टीत.

अप्पा टॉवेलच्या कारखान्यात चेकर होते. उत्तरेकडच्या मोठ्या खिडकीखाली लांबलचक टेबल, त्यावर मागावरून उतरलेले टॉवेल येऊन पडायचे, आणि अप्पा पहिला हात मारायचे तो टॉवेल पालथा घालायला. "सुलटी बाजू गिऱ्हाईक बघतंय की," ते म्हणायचे, "उलटी आपण बघायची." मग बोटांनी चाचपत तुटलेला धागा, गाठ, तेलाचा डाग शोधायचे आणि टॉवेलची रवानगी तीन गठ्ठ्यांपैकी एकात करायचे: फर्स्ट, सेकंड आणि चिंधी. सुट्टीत मी त्यांचा डबा घेऊन जायची आणि टेबलाच्या कडेला हनुवटी टेकून हे बघत बसायची. त्यांच्या कामाचा आणखी एक भाग होता, तो मी रोज बघूनही कामात धरला नव्हता. दोष सापडला की ते लगेच वहीत लिहायचे नाहीत. टॉवेल खांद्यावर टाकून मागांच्या त्या कानठळ्या बसवणाऱ्या आवाजात शिरायचे, ज्या मागावरचा माल त्या विणकराच्या कानाशी तोंड नेऊन काहीतरी सांगायचे, बोटानं दाखवायचे. विणकर माग थांबवायचा. दोघं मिळून बघायचे. मग अप्पा परत यायचे आणि वही उघडायचे. मला वाटायचं, बसून बसून पाय आखडले म्हणून चक्कर मारून येतात.

शुक्रवार पेठेत आमच्या दोन खोल्या, आणि मोरीच्या भिंतीपलीकडं नरसक्काच्या दोन खोल्या. भिंत एकच, त्यामुळं तिच्याकडं फोडणी पडली की ठसका आम्हाला लागायचा. नरसक्का तेलुगू, पण माझ्याशी मराठीत बोलायची, आणि रागावली की परत तेलुगूत जायची. नवरा लवकर गेला, एकुलता मुलगा रामुलू भिवंडीला यंत्रमागावर होता. वीस वर्षं तिनं विड्या वळल्या होत्या. शेवटी तंबाखू छातीत बसली. खोकला असा की भिंतीपलीकडं आमची भांडी वाजतायत असं वाटावं. डॉक्टरांनी सांगितलं, विड्या वळायच्या सुपाला पुन्हा हात लावायचा नाही. तेव्हापासून गौरीच्या आधी महिनाभर मुखवट्यांचे डोळे रंगवायचं काम ती घ्यायची, आणि बाकीचे महिने कसे काढायची ते तिचं तिला ठाऊक. शाळेतून आले की मी दप्तर टाकून तिच्याकडं जायची. ती अंबाडीची भाजी करायची, पुंटीकूर म्हणायची तिला, आणि भाकरीवर घालून कांद्याच्या फोडीसकट माझ्या हातावर द्यायची. मी खात खात तिचं काम बघायची. एक डोळा काढताना ती श्वास धरायची. डोळा झाला की सोडायची. काजळाची रेघ पार कानशिलापर्यंत जायची, आणि माती एकदम आपल्याकडं बघायला लागायची.

या भाकरीची परतफेड म्हणून मी तिला रामुलूची पत्रं वाचून दाखवायची. रामुलू म्युनिसिपालिटीच्या मराठी शाळेत शिकलेला, तो मराठीतच लिहायचा. नरसक्काला वाचता यायचं ते फक्त तेलुगू. माझ्याशिवाय त्या पत्रांना ती कुणाला हात लावू द्यायची नाही, याचा मला गर्व होता.

आणि मला नाद होता तो जवानांचा. हे कसं सुरू झालं ते विचारू नका, मलाही माहीत नाही. बरोबरीच्या पोरींच्या बाहुल्यांची लग्नं चालायची तेव्हा मी आमच्या उंबऱ्यावर हिरव्या प्लॅस्टिकचे शिपाई रांगेनं उभे करून बसलेली असायची. ते एकसंध ओतलेले असायचे, पिशवीत भरून मिळायचे, निम्म्यांचे पाय वाकडे. मी त्यांना उलटं करून तळाची चकती बघायची, जोडाची रेघ कुठून कुठं गेलीय ते बघायची, आणि चौकटीच्या वहीत लिहून ठेवायची. रायफलवाला: रेघ कानातून गेली आहे, सेकंड. झोपून नेम धरणारा: पोट सपाट नाही, डुलतो, चिंधी. आईला वाटायचं हे वय वाढलं की जाईल. आई, गेलं नाही बघ.

आता साठीच्या घरात आल्यावर माझ्याकडं काचेची दोन कपाटं जवानांनी भरलेली आहेत. गेल्या महिन्यात बाहेरच्या देशातली एक नवी मालिका आली, वीतभर उंचीचे सैनिक, प्रत्येकाला तीस-बत्तीस सांधे, हाताचे पंजे काढून दुसरे बसवायचे. भाचा मोबाईल तिकाटण्यावर लावून देतो आणि मी टेबलापाशी बसून एकेकाची पारख करते. त्याचे व्हिडिओ लोक नेटवर बघतात. मी खोकं फोडलं की पहिल्यांदा जवानाला उलटा करते आणि त्याचे तळवे दाखवते, मग पाठ, आणि चेहरा सगळ्यात शेवटी. सुरुवातीला लोकांनी तक्रारी केल्या, आता मला उलट्या मावशी म्हणतात. सांगायचं हे की एवढे सांधे असूनही त्या परदेशी सार्जंटचा डावा गुडघा सेकंडच आहे.

तर त्या वहीचं. पेठेच्या कोपऱ्यावर रशीदचाचांचं दुकान होतं. पाट्या-पेन्सिली, सुया-दोरे, बांगड्या आणि वरच्या फळीवर खेळणी. एकदा माझी वही त्यांच्या काउंटरवर विसरली आणि त्यांनी ती वाचून काढली. दुसऱ्या दिवशी मी गेले तर चष्मा कपाळावर चढवून म्हणाले, "बेटी, ये तो मेरे दुकान का सच्चा हिसाब है. ऐसा कर, बडे अक्षर में लिख के दे, मैं काचेला लावतो." मी म्हटलं, "मी चिंधी लिहिलं तर तुमचा माल खपणार नाही." ते म्हणाले, "तो क्या हुआ? तू फर्स्ट लिखी तो सब भरोसा करेंगे ना." तेव्हापासून जुन्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मी लिहायची आणि ते काचेला चिकटवायचे. बदल्यात प्रत्येक नवा जवान मला आठवडाभर घरी नेऊन तपासायला मिळायचा. शाळा सुटली की पोरं त्या काचेपुढं थांबून वाचायची. मी सातवीत होते आणि पेठेत माझा शब्द चालत होता. डोक्यात हवा जायला एवढं पुरे झालं.

त्या वर्षी दिवाळीनंतर चाचांकडं एक खोकं आलं. सोलापुरातच, एमआयडीसीतल्या एका नव्या कारखान्यात तयार झालेले जवान. एकसंध नव्हे. आतून रबर ओवलेला, हात वर होतो, मान वळते, पाय दुमडतो. रायफलवाला, बिगुलवाला, दुर्बीणवाला, पाठीवर वायरलेस घेतलेला, अशी सहा जणांची मालिका, आणि संक्रांतीला गड्ड्याच्या जत्रेत त्यांचा मोठा ढीग लागणार होता. मी सहाही जण परकराच्या ओच्यात घालून पळत घरी आले. पालथे घातले. बूट चांगले होते, चकतीची गरज न लागता उभे राहत होते. पाठीवरची रेघ घासून काढलेली होती. इतका चांगला माल मी आजवर बघितला नव्हता. मग मी त्यांना सुलटं केलं आणि चेहरे बघितले. सहाच्या सहा जणांना लांबसडक, पाणीदार, काजळ घातलेले डोळे होते, काजळाची रेघ कानापर्यंत गेलेली, भुवया कमानदार. दुर्बीणवाला तर दुर्बिणीच्या वरून असा बघत होता की त्याची आता कुणीतरी ओटी भरावी.

हे डोळे मी रोज जवळून बघत आले होते, तरी त्यांच्यामागचा हात मला ओळखू आला नाही. याचं मला अजून नवल वाटतं. मातीवरचे डोळे मी ओळखले असते, प्लॅस्टिकवरचे नाही ओळखले. त्या वेळी मला फक्त लिहायची घाई होती. मी लिहिलं: 'बांधा फर्स्ट. हात फर्स्ट. पाय सेकंड, मांडीतला रबर सैल. डोळे चिंधी. हे जवान सरहद्दीवर निघालेत की हळदीकुंकवाला?' शेवटची ओळ लिहून झाल्यावर मी स्वतःवर इतकी खूश झाले की ती लाल स्केचपेननं पुन्हा गिरवली. चाचांनी ती वाचून जरा वेळ कागद हातात धरला. "लगाऊ?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "लावा की."

दोन दिवसांत त्या जवानांचं नाव 'गौरी पलटण' पडलं. पोरं काचेपुढं येऊन वाचायची आणि एकमेकांकडं पापण्या फडफडवून हसायची. तिसऱ्या दिवशी मी तिथंच उभी राहून कौतुक झेलत होते, तेवढ्यात सुईचं पाकीट घ्यायला नरसक्का आली. तिनं काचेकडं बघितलं, पोरांकडं बघितलं आणि माझा हात धरला.

"शैला, पोरं का हसालेत? तुजं अक्षर हाय न्हवं ते? वाच की मला."

मी ऐटीत सुरुवात केली. बांधा फर्स्ट, हात फर्स्ट, पाय सेकंड. ती माझ्या कानाशी वाकून हळूच म्हणाली, "डोळ्याचं काय लिव्हलीस? डोळे मी काढलेत. शेठ सांगितला होता, गड्ड्याच्या आधी कुणाला दाखवायचं न्हाय. तू शाळेत असताना रंगवले, तुला तर मुद्दाम सांगितले न्हाय. म्हटलं, बगू पोरगी काय लिव्हतीय."

समोर लाल अक्षरात हळदीकुंकू लिहिलेलं होतं. नरसक्का त्याच अक्षरांकडं बघत होती, हसऱ्या तोंडानं, वाट बघत. मी वाचलं, "डोळे फर्स्ट. असे डोळे आजवर कुठल्याच जवानाला नव्हते."

तिनं माझा गाल ओढला. "म्हणून हसालेत व्हय," ती म्हणाली, "खुशीत हसालेत." आणि सुया घेऊन गेली. काउंटरमागं रशीदचाचांनी सगळं ऐकलं होतं. ते चष्म्याच्या वरून माझ्याकडं बघत राहिले, मग पेन्सिली नीट लावायला लागले.

मी घरी जाऊन स्वतःची समजूत घातली की कुणाचं काही बिघडलं नाही, उलट एक म्हातारी खूश झाली. पण खूश झालेला माणूस गप्प बसत नाही. नरसक्काला कळलं होतं की तिचे डोळे फर्स्ट आहेत आणि पेठेतली पोरं त्यावर जीव टाकतात. तिनं दुसऱ्या पोत्यातल्या जवानांचे डोळे आणखी मोठे केले. काजळ दुहेरी ओढलं. वर पापण्या काढल्या, एकेक केस मोजता येईल अशा. मी शेजारी भाकरी खात बसले होते आणि तिनं एक जवान पुढं धरून विचारलं, "कसा हाय?" मी तोंड भरलेलं असल्याचा फायदा घेतला आणि मान हलवली.

आठवड्याभरानं कारखान्याचे शेठ स्कूटरवर पुढं पोतं ठेवून आमच्या बोळात आले. मोरीत मी हातपाय धूत होते, भिंतीपलीकडचं सगळं ऐकू येत होतं. माणूस वाईट नव्हता. सावकाश बोलत होता. "अक्का, तुमच्यावर मी रागावलो नाही. पण दुकानदार माल घेईनात झालेत. पुढच्या खेपेपासून डोळ्यांचा छाप बसवून घेतो मशीनवर." नरसक्का म्हणाली, "सगळ्यात चांगले डोळेच हायत म्हणून काचेवर लिव्हलंय की. शैला वाचून दाखवली." शेठ म्हणाला, "कुणी काय वाचलं ते मला ठाऊक नाही अक्का," आणि पोतं तिथंच ठेवून गेला. मी मोरीतून बाहेर येऊन तिच्या दारात गेले तेव्हा ती स्टुलावर चढून माळ्यावरचं विड्यांचं सूप काढत होती. सुपावर दोन वर्षांची धूळ होती. ती पदरानं पुसताना तिला खोकला आला आणि ती स्टूल धरून तशीच उभी राहिली. मी आत गेले नाही.

संध्याकाळी अप्पा जेवून बाहेर कट्ट्यावर बसले होते, तिथं जाऊन मी सगळं सांगून टाकलं. मार मिळेल असं वाटत होतं. त्यांनी मला चाचांकडून तो कागद काढून आणायला लावला. आधी त्याची उलटी बाजू बघितली, तिथं जुन्या साली छापलेले देव होते, मग सुलटी वाचली.

"बरोबर लिहिलीस," ते म्हणाले. "जवानाला हे डोळे चिंधीच हायत."

मला जरा धीर आला.

"पण मागावर गेली होतीस का?"

मला कळलं नाही. ते म्हणाले, "मी दोष सापडला की काय करतो? बघतीस न्हवं तू रोज. आधी मागावर जायचं. ज्याच्या हातचा हाय त्याला दाखवायचं. मग वहीत लिहायचं. तो बिचारा मागावर बसून तोच धागा पुन्हा तसाच घालत असतोय, त्याला कोण सांगणार? वहीनं टॉवेल सुधारत न्हाय." मग त्यांनी विचारलं, "आणि विचारल्यावर खोटं वाचलीस?" मी हो म्हटलं. त्यांनी कागदाची घडी करून माझ्या हातात दिली आणि उठून आत गेले. एवढीच शिक्षा, आणि मला रात्रभर पुरली.

दुसऱ्या दिवशी शाळेला दांडी मारून मी नरसक्काकडं गेले. तिच्यापुढं सूप होतं, पण तंबाखू अजून आणलेली नव्हती. मी म्हटलं, "अक्का, मी त्या दिवशी वाचलं ते लिहिलेलं नव्हतं." आणि कागद उघडून जसाच्या तसा वाचला. हळदीकुंकवाशी ती जराशी हसली, खरोखर हसली, आणि मग तिचं हसू गेलं.

"लिव्हलीस त्याचं काय न्हाय," ती म्हणाली. "वाईट तर वाईट. पण मी विचारले, तवा तू खोटं वाचलीस. त्यावर मी एक पोतं रंगवले. म्हणजे ही पत्रं पण तू असंच वाचत असशील. रामुलू काय लिहितोय, देवाला ठाऊक."

मी रडायला लागले. पत्रं मी कधी खोटी वाचली नव्हती, एक अक्षरही नाही, पण आता ते सांगून उपयोग नव्हता. तिनं मला रडू दिलं. मग पोत्यातला एक जवान काढून स्वतःच्या डोळ्यांसमोर धरला आणि विचारलं, "मग जवानाचे डोळे कसे असतात ते तरी सांग." चिंधी लिहिणाऱ्या बाईंनी खरा जवान कधी जवळून बघितलेलाच नव्हता.

अप्पांच्या कारखान्याच्या गेटवर वैरागकडचे एक रिटायर सुभेदार होते. मिशा पिकलेल्या, पण खाकी कडक. दुपारी डबा द्यायच्या निमित्तानं मी नरसक्काला घेऊन गेले आणि कसंबसं सांगितलं की हिला तुमचे डोळे बघायचे आहेत. सुभेदार आधी लाजले. मग टोपी नीट केली आणि सावधानमध्ये उभे राहिले. "बगा की," ते म्हणाले, "त्यात काय." नरसक्का त्यांच्यापुढं हातभर अंतरावर उभी राहून मुखवटा न्याहाळावा तशी बघत राहिली. सुताचे बीम वाहणारे हमाल थांबून बघायला लागले. सुभेदारांच्या कपाळावर घाम आला, पण हलले नाहीत. त्यांचे डोळे बारीक होते, खाली दोन सुरकुत्या, कडेला जाळं.

"एवढे बारीक कसे?" तिनं विचारलं.

"आवं, उन्हात लांबचं बगायचं आसतंय," सुभेदार म्हणाले. "दिस-दिस बगायचं. बारीकच हुत्यात. डोळं मोठं करून सरहद्दीवर कोन बगतंय?"

घरी आल्यावर तिनं सूप माळ्यावर टाकलं. परत आलेल्या पोत्यातले डोळे रॉकेलच्या बोळ्यानं पुसायचं काम माझ्याकडं आलं. चार दिवस मी पुसत होते, आणि भाकरीलासुद्धा रॉकेलचा वास यायचा. ती नवे डोळे काढायची. वर एक जाड रेघ, खाली एक बारीक, मध्ये जेमतेम ठिपका, आणि कडेला दोन केसाएवढ्या सुरकुत्या. तेवढ्यानं ते पोरगेलं प्लॅस्टिक एकदम पोक्त झालं, लांब कुठंतरी बघायला लागलं. श्वास धरण्याची पद्धत तीच. पोतं भरल्यावर ती रिक्षात घालून एकटीच शेठकडं गेली. शेठनं दहा-बारा जवान उलटसुलट करून बघितले आणि छापाचं काम थांबवायला सांगितलं. हे तिनं मला नव्हे, आईला सांगितलं.

मी पुन्हा लिहायला बसले, पण या वेळी आधी भिंतीपलीकडं गेले. म्हटलं, वाळत ठेवलेल्या तिसऱ्या ओळीतल्या वायरलेसवाल्यांचा डावा डोळा वर गेलाय. तिनं बघितलं आणि ते सहा दुरुस्त केले. मग मी लिहिलं: 'डोळे फर्स्ट. हा जवान ऊन बघून आलेला आहे.' काचेला लावल्यावर मी तिला बोलावून आणलं आणि वाचून दाखवलं. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग काउंटरकडं वळून म्हणाली, "भाई, तुमी वाचा की एकदा."

रशीदचाचांनी चष्मा लावला, बाहेर आले आणि एकेक शब्दावर बोट ठेवत वाचलं. "हौ अक्का," ते म्हणाले, "वैसाच लिख्या है." नरसक्कानं मान हलवली आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला. तो हात अजून मला आठवतो, कारण त्यात माया होती आणि तरी तिनं पडताळून घेतलं होतं. गड्ड्यात त्या जवानांचा ढीग तीन दिवसांत संपला. तिला पोत्यामागून पोतं येऊ लागलं, खोकला कमी झाला, पुंटीकूर पूर्वीसारखीच माझ्या हातावर पडायची. फक्त रामुलूचं पत्र आलं की ती पदराखाली घालून रशीदचाचांकडं जायची. मी दारात उभी राहून तिला जाताना बघायची. मला फार वाईट वाटायचं, आणि ते मी कुणाला सांगितलं नाही.

उन्हाळा तोंडावर आला होता. एका दुपारी मी तिच्याकडं बसले होते आणि पोस्टमननं निळं पत्र टाकलं. ती उठली, पत्र उचललं, आणि पुन्हा आपल्या जागी बसली. कोपऱ्यावरचं दुकान उघडं होतं, शाळेतून येताना मी बघितलं होतं. तिनं पत्र माझ्यापुढं सरकवलं. "वाच," म्हणाली, आणि हातात अर्धा झालेला दुर्बीणवाला घेतला.

रामुलूनं लिहिलं होतं की काम बरं चाललं आहे, खोली बदलली आहे, नव्या खोलीत पाण्याची सोय आहे. मग पुढची ओळ मी आधी मनात वाचली. नरसक्काचा कुंचला डोळ्यावर टेकायच्या बेतात थांबला होता. ती माझ्याकडं बघत नव्हती. ती ओळ गाळून पुढची वाचली असती तरी तिला कळलं नसतं, आणि हे आम्हा दोघींनाही ठाऊक होतं. मी वाचलं, "'अम्मा, तू इकडे राहायला ये असं मी म्हणालो होतो, पण सध्या नको. उन्हाळ्यात माझंही येणं होणार नाही.'"

"पुढं?" तिनं विचारलं.

मी खालच्या सहीपर्यंत वाचलं. तिनं श्वास धरला, दुर्बीणवाल्याचा उजवा डोळा काढला, सोडला. पुन्हा धरला, डावा काढला. त्याला वाळायला खिडकीत ठेवून ती म्हणाली, "नीट वाचलीस."

मग उठून तिनं पिठाचा डबा उघडला आणि कोपरापर्यंत हात घालून एक जवान बाहेर काढला. पदरानं पीठ झटकलं. बिगुलवाला होता, पहिल्या खेपेतला, कानापर्यंत काजळ घातलेला. "पहिला रंगवले तो ह्यो," ती म्हणाली. "तुला म्हणून ठेवले होते. चिंधी हाय. दुकानात चालायचा न्हाय. घे."

मी तो घेतला आणि सवयीनं उलटा केला. बुटांच्या तळव्यांवर लाल रंगात, केसासारख्या बारीक कुंचल्यानं काहीतरी लिहिलेलं होतं, गोल गोल तेलुगू अक्षरं, एका बुटावर तीन-चार आणि दुसऱ्यावर तितकीच. मला त्यातलं एकही येत नव्हतं.

"काय लिहिलंय, अक्का?"

तिनं माझ्या हातातून जवान घेतला, उजेडाकडं धरला आणि बोट ठेवून सावकाश वाचलं. "शैला माजी पोर." मग जवान मला परत देऊन, अगदी माझ्याच आवाजात, ऐटीत मान हलवून म्हणाली, "असंच लिव्हलंय. फर्स्ट." आणि इतकी हसली की तिला जुना खोकला आला. मी पाणी आणून दिलं.

आमच्या बोळात तेलुगू वाचणारी माणसं घरोघर होती. पाच पावलांवर कुणालाही दाखवून घेता आलं असतं. मी दाखवलं नाही. नरसक्का जाऊनही आता खूप वर्षं झाली, आणि तो बिगुलवाला कपाटात वरच्या फळीवर, परदेशी सार्जंटच्या पुढं उभा असतो. व्हिडिओ बघणारे नेहमी विचारतात, मावशी, तो काजळवाला जवान कुठला, एकदा जवळून दाखवा की. मी दाखवते. चेहरा दाखवते, हात वर करून बिगुल दाखवते, मान वळवते. भाचा हळूच म्हणतो, मावशी, उलटा करायचा राहिला. मी म्हणते, राहू दे. बघणाऱ्यांत तेलुगू येणारे पुष्कळ असतात, आणि मला तो अक्कानं वाचला तसाच हवा आहे.